औषधं बदलून झाली, आता डोक्याला मशीन? टीएमएसवरचे वाचकांचे प्रश्न

डिप्रेशनवर लिहायला लागल्यापासून टीएमएसबद्दलची पत्रं येतच होती, या वेळी मात्र इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. टीएमएस म्हणजे ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, कवटीच्या बाहेरून चुंबकीय ठोके देऊन मेंदूच्या एका ठरावीक जागेला चालना देणं. बऱ्याच पत्रांत एकच गोष्ट फिरून फिरून विचारली होती, ती एकत्र केली आहे. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना तीन वर्षांपासून डिप्रेशन आहे. गोळ्या तीनदा बदलल्या, थोडे दिवस बरं जातं की परत तेच, दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नाहीत, मुलांशीसुद्धा बोलत नाहीत. आता डॉक्टर म्हणतात टीएमएस करून बघू. सासूबाईंनी ऐकलं आणि रडायलाच लागल्या, माझ्या पोराला शॉक देणार म्हणून. हे शॉकच असतं का? नक्की काय करतात? मिस्टर म्हणतात काय करायचं ते करा, मला काही फरक पडत नाही.

उत्तर: सासूबाईंना आधी एवढंच सांगा की हे शॉक नाही. शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, त्यात भूल देऊन मेंदूत थोडा वेळ मुद्दाम फिट आणतात. टीएमएसमध्ये भूल नाही, सुई नाही, फिट आणणं नाही, माणूस खुर्चीत टक्क जागा बसलेला असतो आणि सेशन संपलं की उठून कामाला जाऊ शकतो. आणि विषय निघालाच आहे तर, ईसीटीला लोक उगाच राक्षस करून ठेवतात, अगदी गंभीर डिप्रेशनमध्ये, माणूस खात-पीत नाही, भ्रम होतायत अशा वेळी, आजही तेच सगळ्यात भारी ठरतं. त्याने काही काळाच्या आठवणी पुसट होऊ शकतात ही अडचण खरी आहे, टीएमएसमध्ये ती नसते.

आता मशीन. तांब्याच्या तारेची इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल असते, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. त्यातून क्षणभर जोरदार करंट सोडला की तेवढ्यापुरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, साधारण दीड ते दोन टेस्ला, म्हणजे एमआरआयच्या तोडीचं, पण मिलिसेकंदाच्याही काही भागापुरतंच. बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहक गोष्टीत वीज निर्माण करतं हे फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवलं होतं, इथे ती वाहक गोष्ट म्हणजे तुमच्या मिस्टरांचा मेंदू. कवटी वीज अडवते, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही, सगळी गंमत त्यातच आहे. माणसाच्या मेंदूवर हे करणारं आजच्यासारखं पहिलं मशीन १९८५ मध्ये इंग्लंडच्या शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलं, तेव्हा डिप्रेशनचा विचारही नव्हता, नसा तपासायला ते हवं होतं.

नेहमीच्या कॉइलचा परिणाम दोन-तीन सेंटिमीटरच आत जातो. डिप्रेशनमध्ये सहसा कपाळाच्या डाव्या बाजूच्या वर, थोडं मागे, अशी जागा धरतात. निर्णय घेणं, लक्ष लावणं, नको ते विचार बाजूला सारणं यात या भागाचा मोठा वाटा असतो, डिप्रेशनमध्ये तो बऱ्याचदा सुस्त पडलेला दिसतो, आणि त्याची तार पुढे मेंदूच्या खोल भागाशी जोडलेली असते जो उदासीच्या वेळी जास्तच चालू असतो. वरून ठोके देत राहिलं की हळूहळू ते सगळं जाळं वेगळ्या तऱ्हेने चालायला लागतं.

पहिल्या दिवशी काय होतं ते मिस्टरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर माणूस दचकतो. डोक्याला कापडी टोपी घालतात, त्यावर पेनाने खुणा करतात, मग कॉइल हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागावर धरतात आणि सगळे उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत बसतात. एकेक ठोका देत जोर वाढवत नेतात, आणि एका क्षणी मांडीवर नुसता ठेवलेला अंगठा आपोआप टुणकन हलतो, आपण काही न करता. दहा ठोक्यांत साधारण पाच वेळा हलला की तो त्या माणसाचा आकडा. प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यावरूनच डोस ठरतो, बहुतेक वेळा त्या आकड्याच्या १२० टक्के. मग कॉइल पुढे सरकवून उपचाराच्या जागी आणतात.

जुन्या, ठरलेल्या पद्धतीत सेकंदाला १० ठोके, असे ४ सेकंद, मग २६ सेकंद शांतता, असं करत साडेसदतीस मिनिटांत ३००० ठोके. आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे. आवाज मोठा असतो, कोणीतरी कानाशी स्टेपलर मारत सुटलंय असा, म्हणून कानात बोळे घालायचेच, मशीनजवळ बसणाऱ्यानेही घालायचे. भुवई उडते, कधी दात एकमेकांवर आपटतात, पहिला आठवडा डोक्याची कातडी दुखते किंवा डोकं दुखतं, साध्या दुखण्याच्या गोळीने भागतं आणि पुढे बहुतेकांना सवय होते. फिट येण्याचा धोका आहे पण फार कमी, दहा हजार सेशनमागे एकापेक्षाही कमी.

राहिलं ते ‘मला फरक पडत नाही’. हा तुमच्या मिस्टरांपेक्षा त्यांचा आजार बोलतोय हे खरं, पण म्हणून त्यांच्या वतीने हो म्हणून टाकू नका. एक दिवस नुसतं खुर्चीत बसवा, आवाज ऐकू द्या, हातावर एक ठोका घेऊन बघू द्या, मग विचारा. महिनाभर रोज ज्याला उठून जायचंय त्याचं हो तोंडदेखलं असेल तर दुसऱ्या आठवड्यात सगळं बारगळतं.

प्रश्न: वय २६. दोन अँटिडिप्रेसंट घेऊन झाली. पहिली दहा दिवसांत सोडली, मळमळ फार व्हायची. दुसरी अडीच महिने घेतली, पूर्ण डोस, काहीही झालं नाही. म्हणजे मी ‘औषधांना दाद न देणारा’ झालो का? थेट टीएमएस केलं तर?

उत्तर: नाही झालास. पहिली गोळी मोजायचीच नाही, दहा दिवसांत साइड इफेक्ट येतात, इफेक्ट नाही. पुरेसा डोस, सहा ते आठ आठवडे, रोज न चुकता, एवढं झालं तर ते औषध ‘करून पाहिलं’ असं धरतात, आणि अशी किमान दोन फेल गेली की सहसा चिवट डिप्रेशन म्हणतात. तुझं खातं एकावर आहे. पण टीएमएससाठी दोनच हवीत असा काही दगडावरचा नियम नाही, अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २००८ मध्ये पहिलं मशीन मान्य केलं ते एक औषध फेल गेलेल्यांसाठीच होतं.

आता माझं मत, जरा परखड आहे. चिवट डिप्रेशनमध्ये दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. एक म्हणजे तुझ्यासारखी, औषध धड न घेताच पुढे उडी. दुसरी जास्त होते, चौथी गोळी, पाचवी गोळी, सहावी गोळी, वर्षं जातात, नोकरी जाते, आणि मग कोणीतरी शेवटचा उपाय म्हणून टीएमएसचं नाव काढतं. अमेरिकेतला स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास २००६ मध्ये आला, तीन हजारांवर पेशंट होते, पहिल्या औषधावर साधारण एक तृतीयांश पूर्ण बरे झाले, दुसऱ्या पायरीवर त्याहून थोडे कमी, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर १३-१४ टक्क्यांवर घसरण. म्हणजे दोन नीट प्रयत्न फसल्यावर नुसती गोळी बदलणं हा जुगार वाढत जातो. नेदरलँड्समध्ये हेच समोरासमोर तपासलं, अभ्यास २०२४ मध्ये छापून आला, किमान दोन औषधं फेल गेलेले ८९ लोक, समुपदेशन दोन्हीकडे चालू, निम्म्यांना टीएमएस आणि निम्म्यांना औषध बदलून. पूर्ण बरे झालेले टीएमएसकडे २७ टक्के, औषधाकडे ५. अभ्यास लहान आहे, मान्य, आणि टीएमएस घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते माहीत होतं. तरी पाचव्या गोळीआधी हे समोर ठेवायला हवं असं मी म्हणेन, दहाव्या दिवशी नाही आणि दहाव्या वर्षीही नाही.

तुझ्या बाबतीत आधी थायरॉइड आणि बी१२ तपासून घे. रात्री जोरात घोरतोस का, दारू किती, हे डॉक्टरला खरं सांग. आणि एक फार महत्त्वाचं, आयुष्यात कधी चार-पाच दिवस झोप न लागता भलताच उत्साह, पैसे उधळणं, तोंडाची टकळी बंद न होणं असं झालंय का? झालं असेल तर ते बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी असा अतिउत्साह असलेला आजार, असू शकतं, मग सगळा हिशोबच बदलतो, गोळीने आणि क्वचित टीएमएसनेही माणूस त्या टोकाला जाऊ शकतो.

प्रश्न: मी इंजिनियर माणूस. चुंबकाचे पट्टे, चुंबकाच्या गाद्या, चुंबकाचं पाणी, सगळं विकताना पाहिलंय आणि सगळी फसवणूक आहे. हे त्याचंच महाग व्हर्जन नाही कशावरून? प्लासिबो, म्हणजे उपचार मिळतोय या नुसत्या विश्वासाने पडणारा फरक, वजा केला तर उरतं काय?

उत्तर: पट्ट्यांबद्दल तुमच्याशी सहमत. तुम्हाला सांगायला नको, स्थिर चुंबक डोक्याला जन्मभर बांधून ठेवला तरी त्यातून करंट निर्माण होत नाही, क्षेत्र झपाट्याने बदलावं लागतं. अंगठा हलतो ना, तो प्लासिबोने हलत नाही. म्हणजे मेंदूपर्यंत काहीतरी पोचतं यात वाद नाही, वाद आहे तो त्याने डिप्रेशन बरं होतं का यावर.

तिथे उत्तर सरळ नाही. खोटी कॉइल वापरून अभ्यास केलेत, तसाच आवाज, डोक्याच्या कातडीवर तशीच टोचणी, पण चुंबकीय ठोका नाही. अमेरिकेतला २०१० चा एक अभ्यास, १९० लोक, औषधाविना: खऱ्या कॉइलवर १४ टक्के पूर्ण बरे, खोट्यावर ५. फरक आहे, पण १४ म्हणजे काही नगारे वाजवण्यासारखं नाही. मग २०१८ मध्ये तिथल्याच माजी सैनिकांवरचा अभ्यास आला, १६४ जण, खऱ्यावर ४१ टक्के बरे आणि खोट्यावर ३७! म्हणजे जवळजवळ बरोबरी. तुमच्यासारखे लोक हाच आकडा फेकतात आणि फेकावाच. पण त्यात नीट बघा, खोट्या कॉइलवर ३७ टक्के सुधारले, ते का? वर्षानुवर्षं घरात पडून असलेला माणूस महिनाभर रोज सकाळी उठून, अंघोळ करून बाहेर पडतो, रोज कोणीतरी नावाने हाक मारतं, आज कसं वाटतंय विचारतं, हे स्वतःच औषध आहे. खरी कॉइल त्याच्यावर भर घालते, सगळे अभ्यास एकत्र मांडले की ही भर दिसते, पण ती किती हे माणसागणिक बदलतं. रोजच्या प्रॅक्टिसमध्ये, जिथे सगळ्यांना खरीच ट्रीटमेंट मिळते, साधारण निम्म्यांची लक्षणं अर्ध्यावर येतात आणि तिघांतला एक जण पूर्ण बरा होतो. म्हणजे दोघांतल्या एकाला फारसं काही मिळत नाही. हे आधीच सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो, ९० टक्के गॅरंटी देणाऱ्यापासून लांब राहा.

प्रश्न: दातात चांदी भरलीय, गुडघ्यात रॉड आहे. चालेल?

उत्तर: दोन्ही चालतं. अडचण डोक्याच्या आसपासच्या धातूची. कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, डोळ्यात किंवा डोक्यात राहिलेला लोखंडाचा कण, मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड, यात नाही करायचं. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. पूर्वी फिट आली असेल, डोक्याला मोठा मार लागला असेल, तर लपवू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, ब्युप्रोपिऑनसारख्या डिप्रेशनवरच्या काही औषधांनी फिटचा धोका थोडा वाढतो, आणि झोपेच्या-घाबरण्याच्या गोळ्या, ती लोराझेपाम-क्लोनाझेपामची मंडळी, घेणाऱ्यांमध्ये टीएमएसचा गुण कमी येतो असं काही अभ्यासांत दिसलंय. पण म्हणून त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेच फिट येऊ शकते. रात्रभर जागरण किंवा दारू झाली असेल तर त्या दिवशी तसं सांगून मोकळे व्हा.

प्रश्न: पाच दिवसांत डिप्रेशन गायब करणारी नवी पद्धत आलीय असं वाचलं. मग सहा आठवडे कशाला घालवायचे?

उत्तर: ती अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातली पद्धत, एफडीएची मान्यता २०२२ मध्ये मिळाली. रोज १० सेशन, प्रत्येक १० मिनिटांचं, मध्ये ५० मिनिटांची सुट्टी, असे पाच दिवस, आणि कॉइल कुठे धरायची ते त्या माणसाच्या मेंदूचा खास स्कॅन काढून ठरवतात. खऱ्या-खोट्याच्या तुलनेत निकाल डोळे विस्फारावेत असे होते, पण त्या ट्रायलमध्ये लोक होते २९. एकोणतीस! मला ही पद्धत आवडते, ज्याला महिनाभर रोज येणं जमणार नाही त्याच्यासाठी तर फारच. पण जिथे ‘आम्हीही पाच दिवसांत करतो’ म्हणतात तिथे तो स्कॅन, तेच ठोके, तेवढीच सुट्टी आहे का हे विचारा, नुसती सेशनं कोंबली म्हणजे ती पद्धत होत नाही. उलट नुसत्या खास स्कॅनलाही भुलू नका, ब्रिटनमध्ये २५५ लोकांवर मेंदूतल्या जोडण्या बघून जागा ठरवणं आणि साध्या एमआरआयवरून जागा ठरवणं यांची तुलना केली, २०२४ मध्ये निकाल आला, दोन्हीकडे सुधारणा झाली पण फरक काही पडला नाही.

वेळच वाचवायचा असेल तर थीटा बर्स्ट नावाची टीएमएसचीच झटपट पद्धत विचारा. ठोके तीन-तीनच्या झुपक्यांत येतात, ६०० ठोके, तीन मिनिटांत सेशन खलास. कॅनडात ४१४ लोकांवर ते साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीशी ताडून पाहिलं, २०१८ मध्ये, आणि कुठेही कमी पडलं नाही. यायचं मात्र रोजच.

प्रश्न: माझी बारा सेशनं झाली. काडीचा फरक नाही. नवरा म्हणतो बंद कर, वेळ वाया चाललाय. खरं सांगा, सोडू का?

उत्तर: बाराव्याला नका सोडू. बऱ्याच जणांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक पडतो, काहींना कोर्स संपता संपता. आणि गंमत अशी की पेशंटला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. मन हलकं वाटणं उशिरा येतं, आधी बारीकसारीक बदलतं, सकाळी थोडं लवकर उठणं, कोणाचा तरी फोन उचलणं, आमटीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करणं. नवऱ्यालाच सांगा, रोज रात्री एका ओळीत लिहून ठेव की आज हिने काय वेगळं केलं, आणि विसाव्या सेशनला ती वही डॉक्टरसमोर ठेवा. तेव्हाही पाटी कोरी असेल तर डॉक्टर अंगठ्याचा आकडा परत काढतील, जागा बदलतील, किंवा उजव्या बाजूला सावकाश, सेकंदाला एक ठोका, असं करून बघतील. तीस-छत्तीस झाल्यावरही काही नसेल तर मात्र मन मारून चालू ठेवू नका, दुसरे उपाय आहेत.

प्रश्न: बहिणीची टीएमएसची पहिली तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळालीय. ती काल म्हणाली, तोपर्यंत मी नसेन. घरचे म्हणतात तारीख मिळालीय ना, मग थांबू.

उत्तर: हे पत्र छापेपर्यंत वाट न बघता तुम्हाला वेगळं कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी देतोय. थांबायचं नाही. टीएमएसला गुण यायला आठवडे लागतात, हे असं बोलणाऱ्या माणसाजवळ आठवडे नसतात. त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, एकटीला ठेवू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या, विषारी औषधं, दोऱ्या उचलून बाहेर ठेवा. मरायचे विचार येतात का, काही ठरवलंयस का, असं सरळ विचारा, विचारल्याने विचार वाढत नाहीत. तिथे दाखल करून ईसीटी किंवा केटामाइनच्या जातीची औषधं, जी तास-दिवसांत काम करतात, याचा विचार होईल. तीन आठवड्यांनंतरची तारीख रद्द करायची गरज नाही.

प्रश्न: कोर्स संपला, आठ महिन्यांनी पहिल्यांदा मोकळं वाटतंय. आता गोळ्या बंद करू ना? आणि हे टिकतं किती?

उत्तर: गोळ्या लगेच नको. टीएमएसने खाली आलेलं डिप्रेशन परत वर येऊ नये म्हणून बहुतेक वेळा औषध निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, पुढे हळूहळू कमी. टीएमएसचीही सेशनं एकदम तोडत नाहीत, शेवटी आठवड्याला तीन, मग दोन, मग एक असं उतरवतात, तुमचं तसं केलं नसेल तर विचारा. टिकण्याचं म्हणाल तर, अमेरिकेत बऱ्या झालेल्यांना वर्षभर पाहिलं तेव्हा साधारण ६२ टक्के लोकांनी सुधारणा राखली होती, त्यातल्या बऱ्याच जणांना मध्ये थोडी जादा सेशनं लागली. एकदा गुण आला असेल तर दुसऱ्यांदाही यायची शक्यता चांगली असते, त्यामुळे परत घसरलात तरी सुरुवातीपासून सुरुवात नाही. आजाराची पहिली खूण तुमच्या बाबतीत काय होती ते आठवून ठेवा, बहुतेकांची झोप बिघडते, पहाटे तीनला डोळे उघडतात आणि परत लागत नाहीत. सलग आठवडाभर तसं झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा.